ड्रायव्हर बी होता, कूलर बी होता

वैशालीची माय, ऐक. लागलं. वाय-फाय लागलं.

पहिले हेच सांगतो, रडणं-बिडणं मागून. तू दवाखान्यातून घरी आली असती तर तू बी पहिले हेच पाहिलं असतं. चप्पल काढायच्या आधी लॅपटॉप उघडला असता आन् वरच्या कोपऱ्यात ते जपानी पंख्यासारखं निशाण आलं का नाही, ते चष्मा वर करून पाहिलं असतं. आलं आहे. पुरं भरून आलं आहे. मी त्याच्याच समोर बसून लिहून राहिलो.

तेरवी झाल्यावर वैशाली म्हणाली, बाबा, आईवर चार ओळी लिहा, छापून सगळ्यायले देऊ. आईचा जन्म कुठला, अंगणवाडीत कधी लागली, मागं कोण कोण आहे, असं लिहा. मी म्हटलं, हे सारं तर तिले माहीत आहे. तिले जे माहीत नाही ते लिहितो. ती म्हणाली, बाबा, असं लिहिणं आईसाठी नसते, लोकायसाठी असते. असंल. पण मी चौथी शिकलेला माणूस. मले दोघांसंग एका वेळी बोलता येत नाही. मी तुझ्यासंग बोलतो, लोकायले ऐकायचं तर ऐकतील. जन्मभर लाऊडस्पीकरचा धंदा केला, लोकायनं ऐकल्याचं मले काही वाटत नाही.

तर तुले माहीत नाही ते असं, की आपलं भांडण मिटलं.

भांडण कशाचं होतं ते आता लोकायले सांगतो. तेवढं तू दम धर.

वैशालीनं नवा लॅपटॉप घेतला तवा जुना तुले दिला. तो इतका सुस्त झाला होता की चालू करून तू चुलीवर तवा ठेवायची, तर भाकर आधी व्हायची. अकोल्याच्या दुकानदारानं त्याच्यात लिनक्स टाकून दिलं. म्हणाला, "काकू, जुन्या मशीनले हेच मानवते. अंगानं हलकं हाये." तुले ते लगेच पटलं. जन्मभर दुसऱ्याच्या लेकरायले मांडीवर घेऊन अ-आ-ई शिकवलं होतं, त्या मशीनले बी तू तसंच मांडीवर घेतलं. ते अडलं की तू त्याच्यावर रागवायची नाही. रागवायले मी होतो.

आन् माझे कान. भोंग्याजवळ बसून बसून गेले ते. लग्न म्हणू नको, सप्ताह म्हणू नको, जयंती, उरूस, निवडणूक, सगळ्यायचा आवाज माझ्या कानावरून गेला. फोन कानाले लावला तर आत माशी गुणगुणल्यासारखं वाटते. वैशाली अमरावतीहून रोज बोलायची, अन् मी इकडून "हो, हो" करायचो. ती विचारायची पोट दुखते काय, मी म्हणायचो हो हो. मग एक दिवस तूच माझा जुना अ‍ॅम्प्लिफायर अन् स्पीकरचा बॉक्स माळ्यावरून काढायले लावला. तुझ्या फोनले पिन घालायचं भोकच नव्हतं, लॅपटॉपले होतं. त्याच्यातून वायर काढून तू बॉक्सले जोडली. संध्याकाळी पडद्यावर पोरीचा चेहरा आला आन् बॉक्समधून आवाज आला, "बाबा, जेवले काय?"

अर्ध्या गल्लीनं उत्तर दिलं. पानठेल्यावरून कोणीतरी ओरडलं, "जेवलो ना ताई!"

त्या दिवशी मी रडलो होतो. तुले वाटलं डोळ्यात धूळ गेली, कारण मी तसंच सांगितलं होतं.

इंटरनेट आपलं नाही, समोरच्या नसीमभाभीचं. त्यायचा तो वाय-फायचा डबा वरच्या खोलीत. तिथून ते गल्ली ओलांडून आपल्या खिडकीतून आत येते. तू त्यायले लोणच्याची बरणी देत होती, त्या तुले पासवर्ड देत होत्या. वर्षभर सुरळीत चाललं. मग या उन्हाळ्यात एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. मी खिडकीत कूलर बसवला. आन् तू मशीनले अपडेट करायले लावलं, ते अर्ध्यावर असतानाच लाइट गेली. त्या मशीनची बॅटरी कधीचीच मेलेली, लाइट गेली की मशीन बी झोपते. लाइट आल्यावर सारं चालू झालं, फक्त ते पंख्याचं निशाण आलं नाही.

"ड्रायव्हर गेला," तू म्हणाली.

"कुठं गेला?"

"अपडेटात आतलं इंजिन नवं आलं, अन् वाय-फायले चालवनारा ड्रायव्हर त्याच्यासाठी बनायच्या आत लाइट गेली. गाडी हाये, डिझल हाये, चालवनारा नाई. चालन काय गाडी सोताहून?"

"अन् खिडकीत एवढा मोठा टिनाचा डबा मांडला, पोटात पानी भरलेला, त्याचं काय? वाय-फाय येते कुठून? खिडकीतून. कूलर बसते कुठं? खिडकीत. भोंग्याच्या तोंडाले टिन लावलं तर आवाज जाईन काय पलीकडं?"

"वाय-फाय म्हंजे तुमचा भोंगा नोहे."

"लहर ते लहर."

"तुमच्या डोस्क्यात कूलरचं पानी शिरलं. बयताड मानूस."

लोकायसाठी सांगतो, बयताड म्हणजे डोस्क्यानं सैल. आमच्याकडं हा शब्द नवऱ्यासाठीच राखून ठेवलेला आहे.

आन् तो शब्द काही त्या दिवसाचा नव्हता. आपल्या लग्नात चांदूर बाजारले मंगलाष्टकं चालू असताना भोंगा बंद पडला, आठवते? मंडप माझा, माईक माझा, नवरदेव बी मीच. लोक एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राहिले. मी बाशिंग बांधलेला तसाच उठलो आन् माईकपासून सुरू झालो. जोड पाहत पाहत, माईक, मग वायर, मग मशीन, मग भोंगा. माझा नियमच तो, तोंडापासून निघायचं आन् एक बी जोड सोडायचा नाही. भोंग्याच्या बुडाशी वायर निघाली होती. ती पिळून परत अंतरपाटामागं येऊन उभा राहिलो, तर पलीकडून हळूच आवाज आला, "बयताड." तुझ्या तोंडून ऐकलेला तो पहिला शब्द. पुढचं मंगलाष्टक मले ऐकूच आलं नाही.

तर कूलर. मी हट्टानं एका दुपारी तो खिडकीतून ओढून काढला. पाणी सांडलं, वाळ्याची ताटी निघून पडली, घर भट्टीसारखं तापलं. तू मांडीवर मशीन घेऊन बसली होती. निशाण आलं नाही. अकोल्याच्या उन्हात मी घामानं निथळून राहिलो आन् तू हसून राहिली.

"पाहा! गेला कूलर, आलं काय?"

"जरा दम तर धर. तापलं असन."

"वाय-फाय तापत नसते. ठेवा तो कूलर जाग्यावर, नाईतर मलेच उष्माघात होईन अन् मंग ड्रायव्हर कोन टाकीन?"

मी कूलर परत बसवला. तू जिंकल्याचं कैरीचं पन्हं केलं आन् मलेच पाजलं. म्हणाली, उद्या हे मशीन नसीमकडं नेऊ, त्यायच्या डब्याले वायरनं जोडू, म्हणजे बिन वाय-फायचं इंटरनेट येईन, अन् ड्रायव्हर नव्यानं टाकू. "अर्ध्या घंट्याचं काम हाये," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू बाजेवर बसली होती, छातीले हात लावून.

दवाखान्यातलं सारं लिहीत नाही. एकच लिहितो. तुझ्या तोंडावर तो मास्क लावला होता आन् मी वाकून बसलो होतो. तू हातानं मास्क बाजूले केला. मले वाटलं, आता पोरीचं काही सांगशील, का माझ्या गोळ्यायचं. तू म्हणाली, "ड्रायव्हरच हाये. सांगून ठेवलं बरं."

मले नीट ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "काय?" तर तू होता तेवढा सगळा दम लावून ओरडली, "ड्रायव्हर!" नर्सबाई पळत आल्या, म्हणाल्या, "आजी, कोनत्या ड्रायव्हरले बोलवू? अ‍ॅम्बुलन्सच्या काय?" आन् तू हसली. मास्क लावल्यावर बी हसत होती, तो आतून धुकट झाला होता. मी बी हसलो. नर्सबाईले वाटलं, दोघंही गेले कामातून.

त्याच्यानंतर तू बोलली नाही. म्हणजे भांडण तुझ्या बोलण्यावर थांबलं आन् माझं उत्तर माझ्याजवळच राहिलं. उत्तर होतं, "कूलरच हाये." ते मी दिलं नाही. मास्क लावलेल्या माणसाले काय उलटून बोलायचं?

तेरवीचे पाहुणे गेल्यावर वैशालीनं माझे कपडे पेटीत भरायले काढले. मले न विचारता. तुझीच पोरगी.

"बाबा, चला आता अमरावतीले. इथं एकट्यानं काय करता?"

"राहतो."

"स्वैपाक?"

"करतो."

"रोज करसान? का शेव-चिवडा खाऊन झोपसान? मले कसं समजन? तुमी तर फोनवर सगळ्यालेच हो हो म्हनता."

मी म्हटलं, लॅपटॉपवर बोलू ना पहिल्यासारखं. ती म्हणाली, तो तर बंद हाये, आई असती तर तिनं केला असता. मग तिनं डोळे पुसले आन् माझ्याकडं पाहिलं. असं पाहिलं की मले तूच बसली आहे असं वाटलं.

"ऐका मंग. येत्या रविवारी मी गाडी घेऊन येतो. त्याच्या आत जर त्या लॅपटॉपवर मले तुमचा चेहरा दिसला, तुमच्या सोताच्या घरात बसलेले, अन् समोर जेवनाचं ताट दिसलं, तर राहा इथं. नाईतर तुमाले उचलून गाडीत टाकतो."

अमरावतीले मले काही कमी नाही. पोरीचं घर मोठं, हवा थंड, जावई शांत माणूस. तोच तर लोचा आहे. तिथं मी भांडू कोणासंग? इथं कूलर आहे, ही खिडकी आहे, इथं प्रत्येक गोष्टीवर तुझं काय म्हणणं होतं ते मले पाठ आहे. मी चहात साखर जास्त टाकली तर भिंत बोलते. तिकडं गेलो असतो तर तुझी बाजू इथंच राहून गेली असती, आन् मी तिथं नुसता एका बाजूचा माणूस झालो असतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी डोस्क्याले दुपट्टा बांधला, उन्हाचा म्हणून कांदा खिशात टाकला, लॅपटॉप छातीशी धरला आन् गल्ली ओलांडून नसीमभाभीकडं गेलो.

"अरे भाईसाब, इत्ती धूप में कायको आये? बुलाते तो मैं आती ना!"

"भाभी, ड्रायव्हर टाकायचा हाये."

त्यायनं वरच्या खोलीत सतरंजी टाकली, पंखा माझ्याकडं वळवला, आन् माठातलं पाणी आणून दिलं. तुझा आवडता तो पितळी गिलास होता. मी पाहिलं, त्यायनं बी पाहिलं.

डब्याची वायर लॅपटॉपले लावली. बाणाचं दुसरंच निशाण आलं. भाभी म्हणाल्या, आ गया. म्हणजे वायरवरून इंटरनेट चालू झालं. इथपर्यंत तर धंद्यातलंच काम होतं, पुढं माझी गाडी अडली. मग भाभीनं त्यायच्या फोनवरून वैशालीले लावलं. वैशाली तिकडून बोलायची, भाभी माझ्या कानाशी मोठ्यानं सांगायच्या.

"बाबा," वैशाली म्हणाली, "म्हंजे तुमी अमरावतीले येऊ नये म्हनून मीच तुमाले मदत करू?"

"हो."

भाभी म्हणाल्या, "सोच रही है." मग म्हणाल्या, "हँस रही है." मग पोरीनं सांगितलं, काळी खिडकी उघडा.

पडद्यावरची तीच खिडकी, जिच्यात तू लिहायची तवा मी म्हणायचो, काय सट्टा लावून राहिली का. वैशालीनं अक्षरं सांगितली, भाभीनं ती मले दाखवली, मी एका बोटानं दाबली. एंटर मारलं तर मशीननं इंग्रजीत काहीतरी तक्रार केली. भाभीनं ती अक्षर अक्षर वाचून दाखवली.

"बाबा," वैशाली म्हणाली, "आईचं अपडेट चालू असताना लाइट गेली ना, थे काम अर्धं राह्यलं. मशीन म्हनते, पहिले थे अर्धं राह्यलेलं पुरं करा, मंग बाकीचं सांगा."

भाभीनं हे माझ्या कानात सांगितलं आन् मग त्यायनं दुपट्ट्याचा शेव डोळ्याले लावला. मी म्हटलं, करू ना पुरं. त्यासाठीच आलो.

तर मशीननं पासवर्ड मागितला.

आता सांग. रोजच्याले ते कधी मागत नव्हतं, चालू केलं की उघडायचं. दुकानात यायले कुलूप नाही, पण गल्ल्याले कुलूप, असं त्याचं. हे कुलूप तुझ्याच हातचं. वैशालीले माहीत नाही, भाभीले माहीत नाही. भाभीनं पोरीचं नाव टाकून पाहिलं, नाही. तुझ्या माहेरचं नाव, नाही. अंगणवाडीचं, नाही. मी घामाघूम झालो. मले पेटी दिसून राहिली होती, माझे कपडे भरलेली.

मग वैशालीनं तिकडून विचारलं, "बाबा, आई तुमाले दिवसभर काय म्हनायची?"

भाभीनं मले हे सांगायच्या आधीच हसून तोंडावर दुपट्टा धरला. "भाईसाब, वो तो पूरी गली को मालूम है!"

पोरीनं अक्षरं सांगितली. हा शब्द मीच टाकतो म्हटलं आन् पहिलं दाबलं. काही उमटलं नाही. दुसरं दाबलं, काही नाही. मी म्हटलं, "भाभी, बटनं मेले."

फोनवरून उत्तर आलं आन् ते भाभीनं मले जरा हळू सांगितलं, तरी ऐकू आलं. "बाबा, मेले नाई. पासवर्ड लिहताना दिसत नसते. एक टिंब बी दिसत नाई. पन आत जाते. तुमी लिहत राहा."

मी लिहीत राहिलो.

पुरा लिहिला, एंटर मारलं, आन् मशीन धावायले लागलं! काळ्या खिडकीत ओळीवर ओळ, ओळीवर ओळ, जशी यात्रेत माणसं चालतात. तू अर्धं सोडलेलं काम आपोआप पुरं होऊन राहिलं होतं आन् मी नुसता पाहत बसलो होतो. अर्ध्या घंट्याचं काम, तू म्हटलं होतं. तेवढं बी लागलं नाही.

मग ड्रायव्हरची ओळ. लांबलचक होती. पहिल्या खेपेले मशीन नाही म्हणालं. मी म्हटलं, तोंडापासून पाहू. भाभीनं एक एक अक्षर वाचलं, तिकडं पोरीनं एक एक अक्षर तपासलं. मधे दोन आडव्या रेघा पाहिजे होत्या, मी एकच मारली होती. एक जोड सुटला होता. तो लावला. परत ओळी धावल्या. वैशाली म्हणाली, आता बंद करून चालू करा. केलं. आन् वरच्या कोपऱ्यात, वैशालीची माय, ते निशाण! मी वायर उपटून काढली तरी ते गेलं नाही.

भाभीनं टाळी वाजवली. मी उठून त्यायच्या खिडकीत गेलो आन् आपल्या घराकडं तोंड करून ओरडलो, "ड्रायव्हरच होता वं! तू खरी होती!"

पानठेल्यावरचे लोक वर पाहून राहिले. कोणी हसलं नाही. एकजण खालून मोठ्यानं म्हणाला, "काकू खऱ्याच होत्या, काका. कधी नव्हत्या?"

मी मशीन घेऊन खाली उतरलो ते पायऱ्यायवरून नवरदेवासारखा. घरी आलो, बाजेवर बसलो, उघडलं. निशाण आलं. त्याच्यात एकच बारीक रेघ. जोडते, जोडते, सुटते. परत जोडते, सुटते. मी म्हटलं, आता काय? मग वर पाहिलं.

खिडकीत कूलर. टिनाचा. पोटात पाणी.

मी त्याले असा ओढला की वायरच सुटली. आन् तो बाजूले सरकताच निशाण पुरं भरलं, सगळ्या रेघा, काठोकाठ. मी नाचलो. खोटं नाही सांगत, या वयात, एकटा, ओल्या फरशीवर. आन् स्वैपाकघराच्या दाराकडं बोट करून ओरडलो, "म्हनलं होतं ना! कूलरच होता! म्हनलं होतं का नाई?"

त्या दारातून तू पिठाचे हात घेऊन येत असते आन् काहीतरी उलटं बोलत असते. कूलर बंद झाला होता, म्हणून घरात कोणताच आवाज नव्हता. बहिऱ्याले शांतता कळत नाही असं लोकायले वाटते. कळते.

बसलो मग बाजेवर. बसून डोस्कं चालवलं तर जे सापडलं ते तुले सांगायचं राहिलं आहे, हे नीट ऐक. माझ्या धंद्यात सगळ्यात दगाबाज बिघाड तो, की एकाच वायरले दोन जागी तूट असते. एक जोडली तरी आवाज येत नाही. मग माणूस म्हणते, ही जोडायची गरजच नव्हती, बिघाड इथं नव्हताच. आन् चांगलं काम करून बी तो खोटा ठरते. मी कूलर काढला तवा ड्रायव्हर नव्हता, म्हणून तू मले खोटं पाडलं. तू आधी ड्रायव्हर टाकला असता तर कूलर आडवा आला असता आन् मी तुले खोटं पाडलं असतं. दोघंही खरे होतो, म्हणून भांडण सरत नव्हतं. एवढा संसार आपण याच्यावरच केला असंल, आज उमजलं. मले भल्ला आनंद झाला. सांगायले कोणी नव्हतं, पण झाला.

कूलर आता मी पुढच्या दारात ठेवला. माणसं मागच्या दारानं येतात, वाय-फाय पुढच्या खिडकीतून. ज्याचा जो मान.

शनिवारी संध्याकाळी पिठलं केलं, भाकर टाकली, वरून सांबार, लोकायची कोथिंबीर, कापून टाकला. ताट समोर घेतलं, बॉक्सची पिन लावली आन् वैशालीले लावलं. तिचा चेहरा आला. पहिले ती माझ्या मागचंच पाहत होती, तुझा तो फोटो, खिडकी, दारातला कूलर.

मग पुऱ्या गल्लीले ऐकू जाईन अशा आवाजात बॉक्स बोलला, "बाबा, भाकर एका बाजूनं कच्ची हाये!"

"खातो ना मी!"

"आवाज कमी करा, लोक ऐकतात!"

समोरच्या माडीवरून नसीमभाभी ओरडल्या, "ऐकू दे बेटी! कच्चीच हाय! मैं देती उनकू सालन!"

पोरगी हसली, आन् हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं, तुझं होत होतं तसंच. म्हणाली, "बरं. राहा मंग तिथंच. पन रोज दिसा." रविवारी गाडी घेऊन आली ती माझ्यासाठी पोळपाट घेऊन. पेटीतले कपडे तिनंच परत खुंटीले लावले.

एक गोष्ट मी तुले कधी सांगितली नाही, आता सांगून टाकतो. तुझा आवाज मले बॉक्सशिवाय ऐकू यायचा. साऱ्यायचा बंद झाला होता, तुझा चालू होता. सांगितलं असतं तर तू हळू बोलायले लागली असती, म्हणून गप राहिलो.

परवा मशीननं विचारलं, नवं अपडेट आलं, करू काय? तुझी शिकवण लक्षात होती. लाइट जायची वेळ टळू दिली, मग काळी खिडकी उघडली. पोरीले विचारलं नाही, भाभीले बोलावलं नाही. त्यानं पासवर्ड मागितला. भांडणात शेवटचा शब्द नेहमी तुझा असायचा. तो अजून तुझाच आहे वं, पहिलाही तोच होता. मी एका बोटानं, जोड न सोडता, पुरा लिहिला.

काहीच दिसलं नाही. आत गेला. काम सुरू झालं.